गंध कोणाला लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, वय चौतीस. घरी विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि दोन टाक. आई गेल्यापासून पूजा त्यांच्याकडे आली. गेली दोन वर्षं ऑफिसला जाता-येता ते वेदान्ताची प्रवचनं ऐकतात. ते लिहितात, ‘सहाणेवर खोड फिरवताना हात थांबतो. ब्रह्म एकच आणि ते मीच, तर गंध कोण कोणाला लावतंय? पूजा नाटक वाटते. सोडली की चुकल्यासारखं होतं. मी पूजा सोडू की वेदान्त? आणि भक्ती ही कच्च्या लोकांची पहिली पायरी, हे खरं आहे का?’

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. दोन्हींतलं काहीही सोडू नका. पायरीचं म्हणाल तर तसं म्हणणारे शास्त्रात आहेत आणि एका मर्यादेत त्यांचं बरोबरही आहे. पण आपल्या मराठी संतांनी आणि अद्वैताच्या, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच म्हणणाऱ्या मताच्या, काही मोठ्या आचार्यांनी भक्तीला तेवढ्यावर ठेवलेलं नाही. ज्ञान झाल्यावरच जिला खरा रंग चढतो अशी एक भक्ती ते सांगतात. तुमचा हात थांबतो ती जागा त्याच वाटेवर आहे.

मी सत्तावीस वर्षं ज्ञानेश्वरीचा आठवड्याचा वर्ग घेतो, त्यामुळे पुढचं बरंचसं पोथीतलंच आहे. पण तुमच्या जागी मी स्वतः बसून आलोय. तिशीत उपनिषदांची भाषांतरं वाचून डोक्यात असं काही भरलं की एका रविवारी देव्हाऱ्यातले सगळे देव पंच्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवले. आईला म्हटलं, ‘सगळीकडे तोच आहे, मग इथे निराळा कशाला?’ ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्या खणात झुरळांची पावडर टाकलीय, वरच्या खणात ठेव.’ मी वादाची तयारी करून आलो होतो, ती फुकट गेली.

पुढचे आठ-नऊ महिने मी कडक अद्वैती होतो. चुलतभाऊ आजारी होता, त्याला भेटायला गेलो नाही. शरीर काय, येतं आणि जातं. त्याच दिवसांत बढती हुकली आणि रात्र-रात्र झोप लागेना. सगळीकडे तोच आहे म्हणणाऱ्याला साहेबात मात्र तो दिसत नव्हता. देव परत कसे आले याची काही मोठी गोष्ट नाही. दिवाळीला आईने घासायला म्हणून काढले, चिंचेने लख्ख केले, जागेवर मांडले. मी गप्प बसलो.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा विचारतो: पूजा नाटक वाटते, तशी नोकरी वाटते का? गृहकर्जाचा हप्ता? बायकोशी झालेलं भांडण? ‘एकच ब्रह्म’ या वाक्याची सुरी फक्त देव्हाऱ्यावर चालत असेल आणि बँकेच्या खात्यापाशी बोथट होत असेल, तर ते अद्वैत अजून कानापर्यंतच पोचलंय. शंकराचार्यांनी व्यवहाराची पातळी आणि परमार्थाची पातळी वेगळी सांगितली ती याचसाठी. परमार्थाच्या दृष्टीने पूजा मिथ्या ठरवायची, तर पूजा करणारा अमुक-अमुक, त्याची नोकरी, त्याचं पुणं हे सगळं त्याच झटक्यात जायला हवं. ते जात नाही, तोवर पूजेवरच का राग?

आता पायरीबद्दल. शांकर वेदान्ताची मांडणी अशी: कर्म आणि उपासना यांनी चित्त शुद्ध होतं, एकाग्र होतं, अशा चित्तात श्रवण-मनन-निदिध्यासनाने, म्हणजे ऐकून, विचार करून आणि त्यातच मुरून, ज्ञान उगवतं, मोक्ष ज्ञानानेच. यात उपासना तयारीच्या भागात बसते. प्रवचनकार हे सांगतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याचं ‘भक्ती म्हणजे बालवाडी’ असं भाषांतर होतं. पण त्याच आचार्यांच्या नावावर परंपरेने म्हटलं जाणारं षट्पदी स्तोत्र उघडा. त्यात एक श्लोक आहे: ‘सत्यपि भेदापगमे नाथ तवाहं न मामकीनस्त्वम् । सामुद्रो हि तरङ्गः क्वचन समुद्रो न तारङ्गः ॥’ भेद गेला तरी, नाथा, मी तुझा आहे, तू माझा नव्हेस. लाट समुद्राची असते, समुद्र कधी लाटेचा नसतो. ‘सत्यपि भेदापगमे’ हे शब्द नीट पाहा. भेद गेल्यानंतरचं बोलणं चाललंय आणि तरीही ‘नाथ’ म्हणून हाक आहे. लाट आणि समुद्र दोन्ही पाणीच, पण लाटेने ‘मीच समुद्र’ म्हणून छाती काढली तर ती लाट म्हणूनच बोलतेय. माझं कपाट-प्रकरण नेमकं हेच होतं.

दुसरं नाव मधुसूदन सरस्वतींचं. सोळाव्या शतकातले, मूळचे बंगालचे, काशीत राहिलेले संन्यासी. जीव आणि ईश्वर वेगळेच मानणाऱ्या माध्व पंथाच्या व्यासतीर्थांनी ‘न्यायामृत’ लिहून अद्वैताला पेचात पकडलं होतं. मधुसूदनांनी ‘अद्वैतसिद्धी’ लिहून मुद्द्याला मुद्दा भिडवला. तर्काचा इतका कठीण ग्रंथ की आजही पंडितांचा घाम काढतो. आणि याच माणसाने ‘भक्तिरसायन’ लिहिलं, गीतेवरच्या टीकेत बासरी हातात धरलेल्या, नव्या मेघासारख्या सावळ्या कृष्णाचं रूप रंगवून ‘कृष्णापलीकडचं कुठलं तत्त्व मला ठाऊक नाही’ असं म्हणून ठेवलं. जगात अद्वैताची बाजू ज्याच्याइतकी कोणी लढवली नसेल, तो हे म्हणतोय. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘मामेकं शरणं व्रज’ आहे, तिथे त्यांनी शरण जाण्याचे तीन टप्पे सांगितलेत: मी त्याचा आहे, तो माझा आहे, तोच मी आहे. शरणागतीच मुरत मुरत तिसऱ्यापर्यंत जाते. तिसरा टप्पा आला म्हणून नात्याचा करार फाडून टाकायचा, असं त्यात कुठे नाही.

खुद्द गीतेतला क्रम तर आणखी नवलाचा आहे. अठराव्या अध्यायाचा चौपन्नावा श्लोक: ‘ब्रह्मभूतः प्रसन्नात्मा न शोचति न काङ्क्षति । समः सर्वेषु भूतेषु मद्भक्तिं लभते पराम् ॥’ माणूस ब्रह्मभूत होतो, शोक आणि हाव संपते, सगळ्या भूतांच्या ठिकाणी सम होतो, आणि मग त्याला परा भक्ती मिळते. पायरी म्हणता ना, तर इथे जिना उलटा आहे. शंकराचार्य या ठिकाणी भक्तीचा अर्थ ज्ञानच असा लावतात, सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत त्यांतल्या चौथ्याची, म्हणजे ज्ञानी भक्ताची भक्ती. ज्ञानेश्वर हे नाकारत नाहीत, पण त्यांचा सूर निराळा लागतो. त्यांचा कृष्ण म्हणतो, ज्ञानी लोक हिला स्वसंवित्ती, म्हणजे स्वतःची स्वतःला असलेली जाणीव, म्हणतात, शैव शक्ती म्हणतात, आम्ही मात्र हिला आपली परम भक्ती म्हणतो. आणि थोडं पुढे ते तीन शब्द येतात ज्यांच्यासाठी मी एवढी वर्षं हा वर्ग चालवला असं म्हटलं तरी चालेल: ‘अद्वैतीं भक्ति आहे’. लगेच जोडून सांगतात की ही गोष्ट अनुभवायची, बोलायची नव्हे. आणि त्यानंतरही बोलतच राहतात, ते माउलीच जाणोत.

आता वेरूळ. आमच्या वर्गाची दोन वर्षांपूर्वी सहल गेली होती. कैलास लेण्याबद्दल एक गोष्ट लोक विसरतात: ते बांधलेलं नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराचा कातळ वरून खाली कोरत आणला. कळस आधी, तळ शेवटी. आमच्यात एक निवृत्त गवंडी आहेत, आयुष्य दगडात गेलेलं. ते प्रांगणातल्या हत्तींपासून सुरुवात करून भिंतीवर बोट फिरवत निघाले. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, ‘सांधा.’ दक्षिणेच्या अंगाला रावणाने कैलास हलवल्याचं शिल्प आहे. खाली रावण वीस हातांनी पर्वत ढकलतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, शंकर निवांत. गवंडीबुवा तिथे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘ढकलणारा त्याच दगडाचा, ढकलला जातो तोही, भ्यायलेली तीही आणि नाही भ्यायला तोही.’

ज्ञानेश्वरांच्याच अमृतानुभव या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणातली ओवी मी त्यांना तिथेच म्हणून दाखवली: ‘देव देऊळ परिवारू । कीजे कोरूनि डोंगरू । तैसा भक्तीचा व्यवहारू । कां न व्हावा ॥’ एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार करतात, तसा एकाच वस्तूत भक्तीचा व्यवहार का होऊ नये? माउलींचा प्रश्नार्थक शेवट मला फार आवडतो. ते पुरावा देत बसत नाहीत, उलट तुम्हालाच विचारतात, अडचण नेमकी कुठे आहे ते सांगा. तुम्ही विचारता गंध कोण कोणाला लावतंय. लेण्यातल्या पुजाऱ्याची मूर्ती लेण्यातल्या देवाला फूल वाहते तेव्हा कोण कोणाला वाहतं? डोंगर डोंगराला. म्हणून ते फूल खोटं ठरतं का? ते तिथे आहे, कोरलेलं आहे, सुंदर आहे.

असं म्हणता येतं याला कारण आहे, आणि ते तुमच्या प्रवचनांत बहुधा आलेलं नसणार. प्रचलित मांडणीत जग हे अविद्येमुळे भासतं. दोरीवर साप दिसावा तसं. दोरी कळली की साप गेला. मग सापाला दूध पाजणारी पूजा पण गेली, हे ओघानेच आलं. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात त्या अविद्येलाच कचाट्यात धरलंय. सुमारे आठशे ओव्यांचा ग्रंथ, त्यातलं सातवं प्रकरण एकटं तीनशेच्या आसपास, आणि त्याचं नावच अज्ञानखंडन. स्वयंप्रकाश आत्म्याखेरीज दुसरं काही नाही म्हणता, तर हे अज्ञान राहतं कुठे, दिसतं कोणाला? असं विचारत विचारत ते त्याला कुठेच पाय टेकू देत नाहीत. मग समोर दिसतं ते काय? ते चैतन्याचं स्फुरण, त्याचाच विलास. अभ्यासक याला चिद्विलास म्हणतात. नाथपंथ आणि शैव विचार त्यांच्या मागे आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. ग्रंथाची सुरुवातच शिव-शक्तीच्या जोडप्याने होते, दोघे इतके एक की दोन म्हणायला जागा नाही आणि प्रेमासाठी दोन झालेले. दिसणारं जग जर चूक नसून त्याचीच शोभा असेल, तर तुमची सहाण, खोड, पाण्याचे चार थेंब आणि विठ्ठलाचं कपाळ या सगळ्याला परत मान मिळतो. हात थांबायचं कारण उरत नाही.

‘हे ज्ञानेश्वरांसारख्यांना ठीक, तुकोबा तर द्वैतीच, देव आणि भक्त वेगळे मानणारेच होते ना?’ असं आमच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारतं. कारण तुकोबांनी स्पष्टच मागितलंय: ‘नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं ॥’ आता त्याच गाथेतला दुसरा अभंग घ्या, ‘अणुरणीयां थोकडा । तुका आकाशाएवढा’. त्यात ‘सांडिली त्रिपुटी’ आहे; जाणणारा, जाणायचं ते आणि जाणणं, तिन्ही टाकले. याहून चोख अद्वैत कुठल्या भाष्यात सापडेल? आणि शेवट कसा, ‘तुका म्हणे आतां । उरलों उपकारापुरता’. हे दोन अभंग एकाच माणसाचे आहेत. कोणी म्हणेल, पहिला आधीचा, दुसरा नंतरचा. मला तसं वाटत नाही. ज्याच्या खिशात ब्रह्मज्ञान नाही तो ‘नको’ म्हणेल तरी कशाला? श्रीमंत माणूसच दागिना काढून ठेवतो. रामकृष्ण परमहंस रामप्रसादांच्या गाण्यातली ओळ वरचेवर सांगत: मला साखर व्हायचं नाही, साखर खायची आहे. तेही तोतापुरी या संन्याशाकडून अद्वैताची दीक्षा घेऊन, निर्विकल्प समाधीत बुडून आलेले होते, आणि आल्यावर पुन्हा कालीच्या गाभाऱ्यातच गेले.

इथवर मी ज्ञानवाल्यांचे कान धरले. भक्तिवाल्यांचेही धरायला हवेत, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त पूजेची वकिली करतोय. नामदेवांची कथा तुम्ही ऐकली असेल. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमलेला. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत सुटले, कोणतं मडकं भाजलंय बघायला. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. विठ्ठल ज्यांच्या हातचं खातो ते नामदेव! निकाल लागला: हे मडकं कच्चं. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. ‘पाय काढा’ म्हटल्यावर म्हणाले, ‘मी थकलोय, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव.’ नामदेवांना तशी जागा मिळेना.

मला या कथेतलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. नामदेवांनी त्यानंतर विठ्ठल सोडला नाही. एका विटेवरचा विठ्ठल त्यांना इतका पसरलेला दिसू लागला की ते कीर्तन करत पार पंजाबपर्यंत गेले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. भक्तीत अद्वैत मुरलं नाही तर ती ‘माझा देव, माझा देव्हारा, माझं सोवळं’ यात अडकते, शेजाऱ्याच्या देवाशी भांडते, प्रसादाच्या रांगेत धक्काबुक्की करते. अशी भक्ती मी भरपूर पाहिलीय. कीर्तनकाराला आधी हार कोणी घालायचा यावरून एका गावात सप्ताह बंद पडता पडता राहिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

मुरलेली कशी दिसते, तेही सांगतो. माझी पहिली पायी वारी. दिवे घाट चढून वर आलो, पायाला फोड, एका दगडावर बसलो. शेजारी सत्तरीची एक बाई, डोक्यावर तुळस, येऊन टेकली. मला म्हणाली, ‘माउली, पाणी हाय का?’ बाटली दिली. पाणी पिऊन झाल्यावर तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून मागे सरलो, ‘अहो आजी, काय करताय’. ती म्हणाली, ‘तुम्ही बी करा की.’ वारीत हा रिवाजच आहे, एकमेकांच्या पाया पडायचं, वय-जात-शिक्षण न बघता, आणि ज्याला-त्याला माउली म्हणायचं: चहावाला माउली, बंदोबस्ताचा पोलीस माउली, रस्त्यात आडवा आलेला टेम्पोवालाही ‘माउली, जरा बाजूला’. एकाच वेळी नमस्कारही आहे आणि ज्याला करायचा तो वेगळा नाही हेही आहे. रामदासांनी दासबोधात नवविधा भक्तीचा शेवट आत्मनिवेदनावर केला तिथे याची व्याख्याच दिलीय: ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे’. त्या बाईने दासबोध वाचला होता की नाही, मी विचारलं नाही.

अद्वैताचा निखळ उपदेश करणाऱ्यांच्या घरी काय चालायचं, हेही तुमच्यासारख्यांनी बघावं. निसर्गदत्त महाराज, मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी, मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवायचे आणि घराच्या पोटमाळ्यावर बसून येणाऱ्यांशी बोलायचे. मॉरिस फ्रिडमन यांनी त्यांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३मध्ये आणलं, आणि युरोप-अमेरिकेतून माणसं जिना चढून येऊ लागली. ‘तू शरीर नाहीस, मन नाहीस, जाणीवही नाहीस’ असं रोखठोक बोलणं. ते वाचून आज कितीतरी जण देवधर्माला रामराम ठोकतात. पण त्याच पोटमाळ्यावर सद्गुरूंच्या तसबिरींना हार असायचे, आरती व्हायची, टाळ घेऊन भजन व्हायचं, आणि महाराज स्वतः त्यात उभे असत. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज इंचगिरी परंपरेचे. दासबोधावर निरूपण हा तिथला नेम, आणि ज्ञान झाल्यावरही भजन सोडायचं नाही हा दंडक. इंग्रजी पुस्तकात संवाद आले, टाळ आले नाहीत. तुम्ही ऐकता त्या प्रवचनांचंही असं झालंय का, एकदा तपासा.

अरुणाचलावर राहिलेल्या रमण महर्षींनी ‘मी कोण’ एवढा एकच प्रश्न जगाला दिला असं आपण समजतो. त्यांनीच त्या डोंगराला प्रियकर मानून १०८ कडव्यांची अक्षरमणमालै रचली. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तर दृष्टी गेलेली असताना ज्ञानेश्वरांना वडील आणि कृष्णाला पती मानून जगले, मंगळसूत्र-कुंकू लावून, आणि आपल्या विचाराला त्यांनी मधुराद्वैत हे नाव दिलं. या दोघांवर सवडीने लिहायला हवं, इथे जागा नाही.

एक इशारा मात्र देतो. ‘सगळे संत, सगळे आचार्य शेवटी एकच सांगतात’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. रामानुजांना आणि मध्वांना हे सगळं मान्य नाही. जीव आणि ईश्वर एकच म्हटलं तर प्रेमाला जागाच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं आणि ते हलकं नाही. मधुसूदनांना एवढा मोठा ग्रंथ लिहावा लागला तो उगाच नाही. भक्ती आणि अद्वैत यांचा मेळ हा एका विशिष्ट परंपरेचा अनुभव आहे. महाराष्ट्रात ती मुख्य धार झाली, म्हणून आपल्याला ती हवेसारखी सहज वाटते. मध्वांच्या उडुपीच्या मठातल्या माणसाला हेच बोलणं ऐकून आश्चर्य वाटेल.

राहिला सकाळचा प्रश्न, सहाणेपाशी काय करायचं. पूजेच्या विधीतच तुमच्या शंकेचं उत्तर दडवून ठेवलेलं आहे. जुने लोक म्हणत, ‘देवो भूत्वा देवं यजेत्’, देव होऊन देवाची पूजा करावी. म्हणून पूजेआधी न्यास असतो. मंत्र म्हणत स्वतःच्या अंगाला हात लावतात ते त्याच्यासाठी. गणेशचतुर्थीला गुरुजी तुमचा हात मातीच्या मूर्तीच्या छातीला लावायला सांगतात आणि प्राणप्रतिष्ठा म्हणतात. ते प्राण येतात कुठून, कधी विचार केलाय? उत्तरपूजेला मूर्ती थोडी हलवतात, तेव्हा ते पुन्हा कुठे जातात? ज्याने हे विधी रचले त्याला तुमची शंका शेकडो वर्षांपूर्वी आली होती. फक्त त्याने शंका आल्यावर हात थांबवला नाही, हाताला काम दिलं.

तुम्ही असं करून पाहा. महिनाभर पूजेतला एकही उपचार कमी करू नका, वाढवूही नका. गंध लावण्याआधी ते बोट आधी स्वतःच्या कपाळाला लावा, मग विठ्ठलाच्या. आमच्याकडे एक जण हे बरीच वर्षं करतात; उष्टं गंध देवाला कसं, म्हणून त्यांच्या बायकोने सुरुवातीला कटकट केली होती. तुम्हाला ते रुचत नसेल तर नका करू, मानसिक केलं तरी चालतं. आणि त्या वेळी ‘मी ब्रह्म आहे’ असं मनात घोकू नका. घोकलेलं ब्रह्म त्या क्षणी आणखी एक विचार होऊन बसतं. गंध गार लागतं, चंदनाचा वास येतो, मूर्तीच्या नाकाजवळ जुनं गंध साचलंय ते काढायला हवं, एवढंच बघा. हात थांबला तर थांबू द्या. थांबलेल्या हाताकडे बघत बसा, तो आपण होऊन हलेल. हलला नाही तर तेवढ्यावर पूजा झाली असं समजून नैवेद्य दाखवा.

ऐकणं चालू ठेवा, पण त्याला मराठी जोड द्या. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय आधी वाचा, लहान आहे, आठ-दहा दिवसांत होतो. मग अठराव्यातला ‘ब्रह्मभूतः’ पासूनचा भाग, सावकाश, दिवसाला पाच-सहा ओव्या. संध्याकाळी जमेल तेव्हा हरिपाठ म्हणा, चाल येत नसेल तर नुसता वाचा. अमृतानुभव त्यानंतर, आणि तो पहिल्यापासून न धरता नवव्या प्रकरणापासून धरलात तरी माझी हरकत नाही, पंडित रागावतील. सातवं प्रकरण मात्र एकट्याने घेऊन बसू नका. आमच्या वर्गाला ते संपवायला चौदा महिने लागले आणि गवंडीबुवा अजून म्हणतात की मधल्या चाळीसेक ओव्या आपण उरकून टाकल्या.